अवतरणचिन्हातला ‘नवा’

चिंचपोकळीच्या एका शाळेत शिक्षकांशी बोलत असताना एका बाईंनी विचारले, “आमच्याकडे पेपर तपासायला येतात तेव्हा आदर्श उत्तरपत्रिका जवळ असते. नव्या शोधाचा निबंध तपासणाऱ्याजवळ काय असते?” या प्रश्नाचे उत्तर मी तिथून दोनच स्टेशने पुढे, परळला घडलेल्या एका गोष्टीवरून दिले.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तीन व्यक्तींचे रक्त चमत्कारिक वाटले. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी प्रतिजन नव्हते, म्हणजे रक्त ओ गटाचे असायला हवे. पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता! ए आणि बी ज्या पायावर तयार होतात तो एच हा प्रतिजनच यांच्याकडे नव्हता. ओ पेशींवर मात्र तो भरपूर असतो. अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त चढवले तर त्याचा जीव जाऊ शकतो.

आता समजा, हा निबंध आपल्याकडे तपासायला आला आहे. आदर्श उत्तर कुणाकडेच नाही. मग परीक्षक शंका काढत जातो. काही प्रतिद्रव्ये फक्त थंडीत गुठळ्या करतात. चाचणी शरीराच्या तापमानाला केली होती का? या रक्तद्रवाने त्या व्यक्तीच्या स्वतःच्या पेशींच्याही गुठळ्या होतात का? तिघांचे रक्त एकमेकांशी जुळते का? आणि निष्कर्ष पुराव्याच्या पुढे तर धावत नाही ना?

गंमत म्हणजे 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रत्येक निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याचा नियमच नव्हता. तिथे तो 1976 साली आला. ‘नेचर’मध्ये 1973 साली. निवड मुख्यतः संपादकच करत. मग परळचे निरीक्षण पारखले कुणी? लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर. आर. रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांचे जाणकार होते. मॉर्गन आणि वॉटकिन्स हे रक्तगटद्रव्यांचे रसायनतज्ज्ञही तिथेच. मे 1952 मध्ये छापलेल्या निबंधावर या चौघांसह सात नावे आहेत.

मी स्वतः निबंध तपासतो. लेखकाची परीक्षानळी मी आजवर एकदाही हातात घेतलेली नाही. तुलनेसाठी कोणती चाचणी केली, असे विचारतो आणि लिहून आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवतो. दुसऱ्या प्रयोगशाळेत झालेली पारख मला केव्हाही अधिक भक्कम वाटते. अर्थात पारखणारेच सहलेखक झाले की ते तटस्थ राहत नाहीत, हेही खरे. शिवाय प्रत्येक निबंधासाठी असा खटाटोप करणे परवडणारही नाही.

त्या निबंधाच्या शीर्षकात ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हात आहे. परीक्षकाने सांगायच्या आधीच लेखकांनी हात आखडता घेतला होता. ‘एबीओ पद्धतीशी संबंधित’ एवढाच त्यांचा दावा होता. बी चा जनुक असूनही तो पेशींवर न दिसणारी एक स्त्री आणि तिचे कुटुंब यांची माहिती अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 1955 साली छापली. ‘बॉम्बे’ हे नाव रूढ झाले ते त्यानंतर.