जेफरसन बर्डिक : जुन्या कार्डांचे नामकर्ते

अमेरिकेतील जुन्या बेसबॉल-कार्डांचे संग्राहक एकत्र जमले की त्यांच्या बोलण्यात ‘टी-२०६’, ‘एन-१७२’, ‘ई-९०’, ‘आर-३१९’ अशा संज्ञा वारंवार येतात. परक्या माणसाला त्या एखाद्या कारखान्याच्या कोठारातील सुट्या भागांच्या क्रमांकांसारख्या वाटाव्यात. ही कल्पना अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ज्यांनी ही नावे ठेवली ते जेफरसन बर्डिक न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे क्राउझ-हाइंड्स या कंपनीच्या कारखान्यात विजेच्या उपकरणांचे भाग जोडण्याचे काम करीत असत. १९६३ साली त्यांचे निधन झाले. त्यांना पाहिलेले संग्राहक आता जवळजवळ उरलेले नाहीत. त्यांनी ठेवलेली नावे मात्र रोजच्या व्यवहारात आहेत, आणि ती उच्चारणाऱ्या अनेकांना आपण कोणाची भाषा बोलत आहोत याची जाणीवही नसते.

बर्डिक यांचा जन्म १९०० सालचा, सिरॅक्यूजच्या उत्तरेस असलेल्या सेंट्रल स्क्वेअर या गावाच्या परिसरातील शेतकरी घरातला. त्यांच्या बालपणीचा काळ सिगारेटच्या पाकिटातून चित्रे मिळण्याचा होता. मुले वडीलधाऱ्यांच्या मागे लागून अमुकच छापाची सिगारेट घ्यायला लावीत आणि पाकिटातील चित्र आपल्याकडे ठेवीत. शेकडो मुलांनी हे केले, आणि मिसरूड फुटताच त्यांपैकी बहुतेकांची चित्रे चुलीत किंवा कचऱ्यात गेली. बर्डिक यांचा छंद मात्र मोठेपणी परतला आणि मग त्यांना सोडून गेला नाही. १९२२ साली ते सिरॅक्यूज विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांनी लग्न केले नाही. तिशी ओलांडताना त्यांना संधिवाताने गाठले आणि तो वर्षागणिक वाढतच गेला. बाकीचे आयुष्य कारखाना आणि भाड्याची खोली यांतच गेले. अशा माणसाचे चरित्र लिहिणाऱ्याच्या हाती प्रसंग फार थोडे लागतात.

त्यांनी जमविलेल्या वस्तूंचा इतिहास मात्र मोठा रंगीत आहे. त्या काळी सिगारेटचे पाकीट मऊ कागदाचे असे. आतील सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून त्यात जाड कागदाचा एक तुकडा ठेवीत. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर काही छापावे, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा त्याच पाकिटाकडे वळेल, ही व्यापारी बुद्धी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १८८७ साली रिचमंड शहरातील ॲलन अँड गिंटर या कंपनीने जगातील अव्वल क्रीडापटूंची पन्नास चित्रांची मालिका काढली. तीत दहा बेसबॉलपटू होते. त्याच सुमारास गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींतून बेसबॉलपटूंची छायाचित्रे येऊ लागली. ही छायाचित्रे मैदानावरची नव्हेत. तत्कालीन कॅमेऱ्याला धावता माणूस टिपता येत नसे. म्हणून खेळाडू छायाचित्रकाराच्या दालनात उभे राहत, आणि छताला दोऱ्याने टांगलेला चेंडू झेलण्याचा आव आणीत. काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो.

१८९० साली जेम्स ड्यूक यांच्या पुढाकाराने मोठ्या तंबाखू कंपन्या एकवटून ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ झाली. स्पर्धा संपली तशी गिऱ्हाइकाला चित्राची लालूच दाखविण्याची गरजही संपली आणि काही काळ कार्डे दिसेनाशी झाली. १९०९ च्या आसपास ती पुन्हा आली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही कंपनी मोडीत काढण्याचा निर्णय दिला. त्याच्या आगेमागे, म्हणजे १९०९ ते १९११ या काळात, पांढऱ्या कडेची एक प्रचंड मालिका निघाली: जेमतेम दीड इंच रुंद नि अडीच इंचांहून किंचित उंच अशी पाचशेंहून अधिक कार्डे. कंपनीने या मालिकेला कोणतेही नाव दिले नव्हते. कार्डांच्या मागे ‘स्वीट केपोरल’, ‘पीडमाँट’ अशा निरनिराळ्या सिगारेटींच्या जाहिराती होत्या. क्रमांक नव्हते, यादी नव्हती, एकूण कार्डे किती हेही कोठे छापलेले नव्हते.

बर्डिक यांच्यापुढे अडचण आली ती येथेच. दोन संग्राहक दूरच्या गावांहून एकमेकांना पत्रे लिहीत आणि अदलाबदल करू पाहत. एकाने ‘पांढऱ्या कडेची रंगीत मालिका’ म्हणावे आणि दुसऱ्याने भलतीच समजावी, असे नित्य घडे. ज्या वस्तूला नाव नाही तिची देवघेव करता येत नाही, तिची उणीव भासत नाही, आणि ती नाहीशी झाली तरी कोणाला कळत नाही. १९३७ साली बर्डिक यांनी ‘कार्ड कलेक्टर्स बुलेटिन’ हे छोटे पत्रक सुरू केले. त्यातून विखुरलेल्या संग्राहकांना आपल्यासारखे आणखी काहीजण आहेत हे प्रथमच कळले. पुढे त्याची धुरा चार्ल्स ब्रे यांनी उचलली. १९३९ साली बर्डिक यांनी या मंडळींच्या साह्याने अमेरिकेतील कार्डांची सूची प्रसिद्ध केली. १९४६ च्या आवृत्तीपासून ती ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५३ आणि १९६० साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या सूचीची रचना पाहिली की व्याकरणकाराच्या अल्पाक्षरी संज्ञांची आठवण होते. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे ती ‘एन’, विसाव्या शतकातील ती ‘टी’. जुन्या मिठाईबरोबर आलेली ती ‘ई’, पावरोटीबरोबरची ‘डी’, इतर खाद्यपदार्थांबरोबरची ‘एफ’. १९३० नंतरच्या च्युइंगम आणि मिठाईची ‘आर’. अक्षरापुढे क्रमांक, की मालिका निश्चित झाली. पांढऱ्या कडेची ती अनामिक मालिका ‘टी-२०६’ झाली; दोऱ्याला टांगलेल्या चेंडूंची ‘एन-१७२’. यातील ‘आर’ हे अक्षर ‘अलीकडची’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. बोस्टनच्या गौडी कंपनीने १९३३ साली काढलेली बेब रूथची कार्डे नव्वदी उलटून गेल्यावरही संग्राहकांच्या परिभाषेत ‘अलीकडची’च आहेत. सूचीकाराला आपल्या काळापलीकडचे दिसत नाही; पण त्याने एकदा लावलेली शिस्त मोडण्याचे धैर्य पुढच्यांना होत नाही, याचे हे गमतीदार उदाहरण होय.

बर्डिक हे बेसबॉलचे भक्त नव्हते, ही गोष्ट आजच्या चाहत्यांना चमत्कारिक वाटते. ते कधी व्यावसायिक बेसबॉलचा सामना पाहण्यास गेल्याचा पुरावा मिळत नाही. नट्या, पक्षी, देशोदेशींचे ध्वज, जाहिरातीची कार्डे, टपालकार्डे, शुभेच्छापत्रे असे सर्व काही त्यांनी सारख्याच आस्थेने जमविले. त्यांच्या संग्रहातील तीन लाखांहून अधिक कागदांत बेसबॉल-कार्डे तीस हजारांच्या वर आहेत, म्हणजे साधारण दहांत एक. कदाचित या अलिप्ततेमुळेच त्यांची सूची टिकली. आवडत्या खेळाडूचा मोह असता, तर नामवंतांची पाने भरली असती आणि कोण्या विसरलेल्या क्षेत्ररक्षकाचे कार्ड नोंदीवाचून राहिले असते.

सूचीत ते अंदाजे किमतीही देत. बहुतेक कार्डांची किंमत काही सेंटांत असे. एका कार्डापुढे मात्र ५० डॉलर असा आकडा होता: टी-२०६ मालिकेतील पिट्सबर्गचा खेळाडू होनस वॅग्नर. त्याचे कार्ड छापण्यास सुरुवात झाली आणि त्याच्या हरकतीमुळे लवकरच थांबली, म्हणून ते दुर्मीळ. मुलांनी आपल्या चित्रापायी तंबाखू घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे एक मत. चित्राचा मोबदला मिळाला नाही म्हणून तो अडला, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे वाद अद्याप मिटलेला नाही.

आपल्या पश्चात या कागदांचे काय होणार, हा प्रश्न बर्डिक यांना चाळिशीतच पडला. संधिवात वाढत होता, बोटे वाकू लागली होती. संग्राहकाच्या मृत्यूनंतर संग्रह फुटतो आणि त्याबरोबर त्याचे ज्ञानही विखुरते, हे त्यांना ठाऊक होते. १९४७ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टकडे आपला संग्रह देऊ केला. ज्या वास्तूत ड्यूररची आणि रेम्ब्रांटची मुद्राचित्रे आहेत तेथे सिगारेटच्या पाकिटातील चिटोरी नेऊन द्यायची, हे धाडसच. परंतु तेथील मुद्राचित्र विभागाचे अभिरक्षक ए. हायट मेयर हे वेगळ्या दृष्टीचे गृहस्थ होते. छापील चित्र म्हणजे केवळ थोर कलावंताची निर्मिती नव्हे; सामान्य माणूस रोज जे हाती घेतो, खिशात ठेवतो आणि फेकून देतो, त्यातही त्या काळाचा चेहरा उमटलेला असतो, असे ते मानीत. मेयर यांनी देणगी स्वीकारली. सिरॅक्यूजचा कामगार आणि न्यूयॉर्कचा कलापंडित यांचे हे मैत्र पुढे सोळा वर्षे टिकले.

देणगी स्वीकारली तरी ती लावायची कोणी? कोणते कार्ड कोठले, कोणत्या मालिकेत किती, हे सांगू शकेल असा माणूस एकच होता. बर्डिक यांनी कार्डे वर्गवार लावून, आल्बमच्या पानांवर चिकटवून, हप्त्याहप्त्याने पाठविण्यास सुरुवात केली. तीन लाख कागद आणि सोळा वर्षे, असा हिशेब मांडला तर एकही सुटी न घेता दररोज पन्नासांवर कागद होतात. तेही कारखान्यातील काम सांभाळून आणि हट्टी होत चाललेल्या हातांनी. पुढे नोकरी झेपेनाशी झाली, तेव्हा ते न्यूयॉर्कला येऊन संग्रहालयाच्या जवळच राहू लागले. मुद्राचित्र विभागाच्या एका कोपऱ्यात त्यांना मेज देण्यात आले. तेथे हा वाकलेला, कृश माणूस कात्री, गोंद आणि कार्डांचे गठ्ठे घेऊन दिवसामागून दिवस बसे. आपल्याजवळ किती वेळ आहे याची त्यांना शाश्वती नव्हती. काम अपुरे राहील ही भीती मात्र सतत होती.

१० जानेवारी १९६३ रोजी शेवटचे कार्ड चिकटवून झाले. संध्याकाळी पाचच्या सुमारास बर्डिक मेजावरून उठले, कष्टाने ओव्हरकोटात शिरले आणि मेयर यांचा निरोप घेताना आपण आता पुन्हा येणार नाही असे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले. १३ मार्च १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. हा निरोपाचा प्रसंग मेयर यांनी लिहून ठेवला म्हणून आज तो माहीत आहे. संग्राहकांच्या जगात तो एखाद्या कुलकथेसारखा सांगितला जातो.

त्यांच्या पश्चात या छंदाचे रूप पालटले. बर्डिक यांच्या पिढीत कार्डे पत्रांतून, भेटीदाखल, उदार अदलाबदलीत फिरत. १९८० नंतर त्यांचा बाजार झाला. कार्डाच्या कोपऱ्याला किती झीज आहे यावर गुण देणाऱ्या आणि ते प्लॅस्टिकच्या कवचात कायमचे बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९९१ साली वॅग्नरचे एक अतिशय सुबक कार्ड ४,५१,००० डॉलरना विकले गेले. त्याच्या कडा नवीन दिसाव्यात म्हणून आपण त्या कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलाव-व्यावसायिकाने २०१३ साली न्यायालयात दिली. २०२२ साली वॅग्नरच्याच दुसऱ्या एका कार्डाला ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

वॅग्नरचे एक कार्ड बर्डिक यांच्या संग्रहातही आहे. तेही त्यांनी इतर कार्डांप्रमाणेच आल्बमच्या पानावर चिकटविले. गोंद लागलेल्या कार्डाची बाजारात किंमत कोसळते. म्हणून त्या पानांकडे पाहून आजचे व्यापारी हळहळतात. जतनशास्त्राच्या दृष्टीने ती पद्धत सदोष होती हे मान्य करावेच लागेल, कारण कार्डाची मागची बाजू, म्हणजे ज्या मजकुरावरून त्याचा छाप ओळखावयाचा तीच, पानाला टेकून झाकली गेली. सूचीकाराने स्वतःच पुरावा झाकावा यात विसंगतीही आहे. परंतु बर्डिक यांना कार्ड विकायचे नव्हते आणि दुसऱ्याने ते विकावे असेही त्यांना वाटत नव्हते. पानावर शेजारच्या दहा अनामिक खेळाडूंइतकीच जागा वॅग्नरला मिळाली आहे. तेथून त्याला एकट्याला उचलून नेणे सोपे नाही.

मेट्रोपॉलिटनमधील बेसबॉल-कार्डांचा हा साठा कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या राष्ट्रीय संग्रहालयाखालोखाल मोठा समजला जातो. सर्व आल्बम एकाच वेळी मांडता येणे शक्य नाही. म्हणून संग्रहालय त्यांतील थोडी कार्डे ठरावीक मुदतीने पाळीपाळीने प्रदर्शनात ठेवीत आले आहे. प्रत्येक कार्डाखालच्या पट्टीवर खेळाडूचे, संघाचे आणि कंपनीचे नाव असते. त्यानंतर बर्डिक यांनी दिलेले अक्षर आणि क्रमांक, आणि शेवटी, देणगीदार म्हणून, त्यांचे स्वतःचे नाव.