न्यू ऑर्लिअन्सला न झालेला सामना

अमेरिकेंत ‘फुटबॉल’ या नांवानें जो खेळ लोकप्रिय आहे, तो आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा. त्यांतील चेंडू वाटोळा नसून लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. आणि तो पायानें मारण्यापेक्षां हातांत घेऊन धांवण्यावर व फेंकण्यावर खेळाचा सारा भर असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. चेंडू ज्या पक्षाच्या हातीं असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकलें पाहिजे; न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. अडविणारे आडदांड गडी धांवणाऱ्याच्या अंगावर कोसळतात, म्हणून डोक्यास शिरस्त्राण आणि खांद्यांस जाड गाद्या बांधूनच मैदानांत उतरावें लागतें.

धंदेवाईक संघांचा हंगाम संपत आला म्हणजे सर्व संघांतील निवडक खेळाडू एकत्र करून त्यांचा एक सामना भरविण्याचा प्रघात तेथें पडला. अशा प्रकारचा एक जुना सामना १५ जानेवारी १९३९ रोजीं लॉस एंजेलिस येथें झाला व त्यांत न्यूयॉर्क जायंट्स या अजिंक्य संघानें निवडक खेळाडूंच्या संघावर १३ विरुद्ध १० गुणांनीं मात केली. १९४२ नंतर या सामन्यांत खंड पडला; १९५१ पासून तो नव्या स्वरूपांत पुन्हां सुरू झाला. या सामन्यानें कोणी अजिंक्य ठरत नाहीं, कोणाचें पद चढत वा उतरत नाहीं. तो मानाचा, करमणुकीचा आणि थोड्याफार मिळकतीचा. परंतु असाच एक मौजेचा सामना १९६५ च्या जानेवारींत एका शहराच्या लौकिकाची कसोटी होऊन बसला, आणि तीहि तेथें तो खेळला गेल्यामुळें नव्हे, तर खेळला न गेल्यामुळें!

या गोष्टीचा उगम समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. नॅशनल फुटबॉल लीग ही जुनी संस्था १९२० सालीं स्थापन झाली. आरंभीं तिच्यांत थोडे कृष्णवर्णीय खेळाडू होते. पण १९३४ पासून १९४५ पर्यंतच्या बारा हंगामांत एकहि नव्हता. १९४६ सालीं लॉस एंजेलिस रॅम्स या संघानें केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांस घेतलें, तेव्हां कोठें हें दार किलकिलें झालें. पुढें १९५९ सालीं टेक्ससमधील लॅमार हंट या तरुण धनिकाच्या पुढाकारानें अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संस्था निघाली व १९६० पासून तिचे सामने सुरू झाले. नव्या संस्थेस गुणी खेळाडूंची निकड होती. जुन्या संस्थेनें ज्यांच्याकडे फारसें लक्ष दिलें नव्हतें, अशा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून तिनें खेळाडू निवडले. त्यामुळें तिच्या उत्तम खेळाडूंत कृष्णवर्णीयांची संख्या बरीच झाली. या संस्थेनें आपले निवडक खेळाडूंचे पहिले तीन सामने सान दिएगो येथें भरविले. चौथा सामना १६ जानेवारी १९६५ रोजीं न्यू ऑर्लिअन्स येथील टुलेन विद्यापीठाच्या मैदानावर व्हावयाचा ठरला.

मिसिसिपी नदीच्या काठचें हें शहर संगीतासाठीं व उत्सवांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील ज्या जाझ संगीतानें सारें जग नादावलें, तें मुख्यतः कृष्णवर्णीयांनींच घडविलेलें. परंतु याच शहरांत पिढ्यानुपिढ्या त्यांना गोऱ्यांच्या पंक्तीस बसतां येत नसे. लुइझियाना संस्थानानें १९५६ सालीं गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंनीं एकत्र खेळूं नये असा कायदाच केला होता; तो १९५९ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत टिकला नाहीं. नंतर २ जुलै १९६४ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. हॉटेलें, उपाहारगृहें, नाटकगृहें यांत वर्णावरून कोणास मज्जाव करणें बेकायदा ठरलें, आणि १४ डिसेंबर १९६४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलें. १ जानेवारी १९६५ रोजीं टुलेनच्याच मैदानावर सिरॅक्यूज विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ खेळूनहि गेला. न्यू ऑर्लिअन्सला स्वतःचा धंदेवाईक संघ हवा होता. त्यासाठीं झटणारे डेव्ह डिक्सन यांनीं सर्व खेळाडूंचें नीट स्वागत होईल असें आश्वासन दिलें होतें. कायदा झाला, मैदान सज्ज झालें. उरलें होतें तें फक्त माणसाचें वर्तन.

९ जानेवारीच्या शनिवारीं खेळाडू येऊं लागले. निवडलेल्यांत एकवीस कृष्णवर्णीय होते. विमानतळावरच कित्येकांस टॅक्सी मिळेना. गोऱ्या सोबत्यांसाठीं गाड्या थांबत, यांच्यासाठीं थांबत नसत. सायंकाळीं कांहींजण बूर्बन रस्त्यावर फिरावयास गेले, तेव्हां करमणुकीच्या जागांच्या दारांतूनच त्यांना परत फिरविण्यांत आलें. सान दिएगो संघाचे अर्नी लॅड व अर्ल फेसन हे दोघे धिप्पाड गडी. त्यांना एका दारावर पिस्तुलाचा धाक दाखविण्यापर्यंत मजल गेली. अपशब्द तर अनेकांच्या कानीं पडले. ज्यांचा खेळ पाहण्यासाठीं शहर तिकिटें घेत होतें, त्यांनाच तें आपल्या दारांत उभें करीत नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं, म्हणजे रविवारीं, कृष्णवर्णीय खेळाडू रूझवेल्ट हॉटेलांत एकत्र जमले. दोनच आठवड्यांपूर्वीं, २६ डिसेंबरला, बफेलो संघास अजिंक्यपद मिळवून देणाऱ्यांपैकीं कुकी गिलख्रिस्ट तेथें होता. कॅन्सस सिटीचा ॲबनर हेन्स होता. ओकलंडचे आर्ट पॉवेल व क्लेम डॅनिएल्स होते. या शेवटच्या दोघांना हा प्रसंग नवा नव्हता. १९६३ सालीं अलाबामांतील मोबिल येथें प्रेक्षकांची वर्णावरून विभागणी होणार असें कळतांच ओकलंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनीं तेथें खेळण्याचें नाकारलें होतें, व तो सामना दुसरीकडे न्यावा लागला होता.

चर्चा एकतर्फी झाली नाहीं. सान दिएगोचा गोरा खेळाडू रॉन मिक्स मुद्दाम त्यांच्या भेटीस आला. येथेंच राहून खेळल्यास हेतु अधिक साधेल, असें त्याचें आरंभींचें म्हणणें होतें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. सामना सोडल्यास मानधनावर पाणी सोडावें लागणार. मालकांचा रोष ओढवला तर पुढील करारहि धोक्यांत येणार. पण दुसरी बाजू अधिक बळकट होती. मैदानांत टाळ्या आणि मैदानाबाहेर मज्जाव, ही वांटणी आपण खेळून मान्य केली असाच अर्थ झाला असता. अखेर बहुमतानें न खेळण्याचें ठरलें. बफेलोच्या अर्नी वॉर्लिक यानें सर्वांच्या वतीनें निवेदन केलें कीं, अशा वागणुकींत आपला खेळ मनापासून होणें शक्य नाहीं. खुद्द मिक्स आणि बफेलोचा जॅक केंप यांच्यासारखे गोरे खेळाडूहि त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. हाच केंप पुढें अमेरिकेच्या लोकसभेंत गेला व १९९६ सालीं उपाध्यक्षपदाचा उमेदवार झाला.

आतां निर्णय संस्थेच्या आयुक्तांच्या हातीं होता. जो फॉस हे दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचीं २६ विमानें पाडणारे नामांकित वैमानिक. पुढें ते दक्षिण डाकोटा संस्थानचे गव्हर्नर झाले होते. सामना रद्द करावा, गोऱ्या खेळाडूंवरच भागवावें, कीं मैदान बदलावें? फॉस यांनीं फार वेळ घेतला नाहीं. ११ जानेवारीस त्यांनीं सामना ह्यूस्टन येथें हलविल्याचें जाहीर केलें. खेळाडूंनीं उतावळेपणा केला असा दोष न्यू ऑर्लिअन्सच्या नगराध्यक्षांनीं दिला. पण एका दिवसांत शहराची जी शोभा झाली ती त्यानें झांकली गेली नाहीं.

ह्यूस्टन हेंहि दक्षिणेकडीलच शहर, आणि वर्णभेदापासून मुक्त होतें असें मुळींच नाहीं. परंतु तेथील प्रमुख हॉटेलांनीं १९६२ सालींच आपलीं दारें उघडलीं होतीं. पांच दिवसांच्या घाईनें भरविलेला सामना ठरल्या तारखेस तेथील जेपसन मैदानावर झाला. पश्चिम विभागानें पूर्व विभागाचा ३८ विरुद्ध १४ असा पराभव केला. प्रेक्षक सुमारें १५ हजारच जमले. टुलेनचें मैदान ८० हजारांचें होतें. तेव्हां या निर्णयाची किंमत संस्थेसहि द्यावी लागली, हें उघड आहे.

खेळाडूंना काय किंमत पडली, हें सांगणें तितकें सोपें नाहीं. त्याच वर्षीं गिलख्रिस्टला बफेलोनें आणि हेन्सला कॅन्सस सिटीनें डेन्व्हर संघाकडे देऊन टाकलें. गिलख्रिस्टचे आपल्या शिक्षकाशीं आधींपासूनच खटके उडत होते, त्यामुळें सारा दोष या एका प्रसंगावर टाकतां येत नाहीं. परंतु पुढाकार घेणाऱ्यांस या घटनेचा जाच झाला, अशी भावना हेन्सनें पुढें बोलून दाखविली.

न्यू ऑर्लिअन्सनें मात्र धडा घेतला. वर्णभेद चालूं ठेवून धंदेवाईक संघ मिळणार नाहीं, हें तेथील व्यापारी व पुढारी यांस कळून चुकलें. नीतीनें जें सुचविलें नव्हतें तें पुष्कळ अंशीं हिशेबानें सुचविलें; इतिहासांत असें अनेकदां घडतें, आणि त्यामुळें फळाची योग्यता कमी होत नाहीं. १ नोव्हेंबर १९६६ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, जुन्या लीगनें शहरास संघ दिल्याचें जाहीर झालें व त्याचें नांव ‘सेंट्स’ पडलें. १७ सप्टेंबर १९६७ रोजीं टुलेनच्या मैदानावर त्याचा पहिला सामना झाला. आरंभींच प्रतिपक्षानें मारलेला चेंडू झेलून जॉन गिलियम हा कृष्णवर्णीय खेळाडू ९४ यार्ड धांवला व त्यानें पहिले गुण मिळविले. ८० हजार लोक उठून उभे राहिले. तो सामना सेंट्सनें २७ विरुद्ध १३ असा गमावला. पण तें मैदान, तें शहर आणि ती टाळी पाहतां अडीच वर्षांत अंतर किती कापलें गेलें हें दिसून येतें. अर्थात् एका टाळीनें शहरांतील सारा भेद नाहींसा झाला, असें मानणें भोळेपणाचें ठरेल.

१९७० सालीं दोन्ही संस्था एक झाल्या. निवडक खेळाडूंचा सामनाहि बदलत गेला; अंगावर कोसळण्याचा खरा खेळ त्यांत अखेर २०२२ सालीं झाला, व २०२३ पासून त्या जागीं कमरेची पट्टी ओढून धांवणाऱ्यास थांबविण्याचा सौम्य खेळ आला. इतक्या वर्षांतील जय-पराजय आज क्वचितच कोणास आठवतात. लक्षांत राहिला तो एकवीस गड्यांचा नकार. कायद्यानें दार उघडतें हें खरें. पण दारांत उभा असलेला माणूस बाजूस व्हावा लागतो, आणि तो बाजूस होईपर्यंत कोणीतरी आपलें मानाचें आसन सोडून उठावें लागतें. या खेळाडूंना गमावण्यासारखें पुष्कळ होतें, आणि जिंकण्यासारखा त्या सामन्यांत एकहि करंडक नव्हता. तरीहि ते उठले.