पाळी चुकली? घरी चाचणी करताना किटवरची रेघ अशी वाचा

पाळीची तारीख उलटली, पण मेडिकलवाला ओळखीचा, त्यामुळे किट मागायला संकोच वाटतो. अशा वेळी गावातल्या आशाताईंना विचारा. सरकारचं ‘निश्चय’ किट त्यांच्याकडे मोफत मिळतं.

गर्भ पिशवीत रुजल्यावर अंगात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं. किट तेच लघवीत शोधतं. म्हणून पाळी चुकायच्या आधी घाई करून उपयोग नाही. सकाळची पहिली लघवी घ्यावी, ती रात्रभर साठून दाट झालेली असते. तांब्याभर पाणी पिऊन चाचणी केली तर दिवस गेलेले असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. मीठ, साखर, टूथपेस्टचे व्हिडिओ फोनवर फिरतात, त्यात काही तथ्य नाही.

किटची मुदत बघा आणि पाकीट ऐनवेळीच फोडा. कोरड्या, स्वच्छ डबीत लघवी घेऊन ड्रॉपरने दोन-तीन थेंब गोल खळग्यात टाका (पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा). किट सपाट ठेवून साधारण ५ मिनिटं थांबा.

आता रेघ. इंग्रजी ‘सी’पाशी रेघ आलीच पाहिजे. ती नसेल तर किट बाद, मग ‘टी’पाशी काही का दिसेना. फक्त ‘सी’ची रेघ आली तर सध्या ‘नाही’. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही आल्या तर दिवस गेलेत. ‘टी’ची रेघ फिकट असते तेव्हाच बायका गोंधळतात. वेळेत आलेली फिकट रेघसुद्धा बहुतेक वेळा ‘हो’च असते, दोन-तीन दिवसांनी नव्या किटवर खात्री करा. अर्ध्या तासाने उमटलेली रेघ मात्र धरू नका. ‘नाही’ आलं आणि पाळी येतच नसेल तर आठवड्याने पुन्हा बघा, तरीही तसंच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, या किटवरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. तशी तपासणी करून घेणं गुन्हा आहे.

‘हो’ आलं तर १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदणी करा. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तिथेच मिळतात. मूल नको असेल तर दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाई सज्ञान असेल तर तिचीच संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही.

चाचणी ‘हो’ आली आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, अंगावरून रक्त, चक्कर असं काही झालं, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.