फाटलेल्या हृदयाला टाका कुठे घालायचा?

आजची गोष्ट सुरू होते 9 सप्टेंबर 1896 ला, जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये. बावीस वर्षांच्या एका तरुणाच्या छातीत सुरा खुपसलेला, हृदयाच्या उजव्या कप्प्याला भोक पडलेलं. डॉक्टर लुडविग रेन यांनी छाती उघडली आणि धडधडत्या हृदयाला रेशमाचे तीन टाके घातले. तरुण वाचला!

मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. पण नाही. सुऱ्याची जखम झाली तरी आजूबाजूचा स्नायू जिवंत असतो, टाका धरतो. हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळाल्याने स्नायूच मरतो, मऊ पडतो आणि साधारण पहिल्या आठवड्यात कधी कधी फाटतो. जीर्ण साडीला टाका घातला की शिवणीशेजारीच टर्रकन फाटते ना, अगदी तसं.

दोन खालच्या कप्प्यांमधला असा फाटलेला पडदा ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी 1956 मध्ये दुरुस्त केला. तोही अटॅकनंतर काही आठवड्यांनी. मग सर्जन म्हणू लागले, थोडं थांबा, कडा घट्ट होऊ द्या. थांबलेल्यांचे निकालही चांगले दिसायचे.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. निकाल कोणाचे मोजले? जे थांबूनही जगले त्यांचे! वाट पाहताना गेलेले पेशंट ऑपरेशनच्या आकड्यांत आलेच नाहीत. क्रॅश झालेल्या फोनवरून रिपोर्टच आला नाही, म्हणून ॲप मस्त चाललंय म्हणण्यासारखं आहे हे. पुढे सर्जनांच्याही हे लक्षात आलं आणि लवकर ऑपरेशन करण्याकडे कल वळला.

पण कडा तर मऊच! टोरंटोच्या टिरोन डेव्हिड यांनी वेगळी वाट धरली. फाटक्या कडा ओढून जुळवायच्याच नाहीत. गाईच्या हृदयावरच्या आवरणाचं मोठं ठिगळ घ्यायचं आणि ते मेलेल्या भागाच्या पलीकडे, निरोगी स्नायूला शिवायचं. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही आजीला हे लगेच पटेल.

आजही हे ऑपरेशन फार जोखमीचं आहे. पेशंट स्थिर असेल, तर यंत्रांच्या आधाराने थोडा वेळ मिळवता येतो. पण किती थांबायचं, हे प्रत्येक पेशंटपुरतं नव्यानेच ठरवावं लागतं.

म्हणून मंडळी, छातीत दुखलं की ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका. स्नायू मरण्याआधी दवाखाना गाठा. भेटू पुढच्या भागात!