शीतळासातम आणि देवीची टोचणी

श्रावण वद्य सप्तमीस येथील वाडीतल्या पुष्कळ घरांत चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न शीतळामातेस दाखवावे आणि लेकरांची खुशाली मागावी, असा हा गुजरातचा परिपाठ आहे. मराठीत त्या रोगाचे नावच ‘देवी’. आणि लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’.

ही लस हिंदुस्थानात प्रथम लागू पडली ती मुंबईस, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस. पुढे कित्येक वर्षे एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचीत असत. त्यातून परक्या शरीराचे रोग येण्याचा संभव होता, विटाळाची शंका होती ती वेगळीच. तेव्हा मूल पदराआड लपविणाऱ्या आईस निव्वळ अडाणी म्हणणे मला तरी न्यायाचे वाटत नाही. नंतर वासरांपासून लस काढू लागले. पहिले भय ओसरले, परंतु गोवंशाचा प्रश्न उभा राहिला.

महात्मा गांधींचा आक्षेप याच दोन्ही अंगांचा होता. टोचणी त्यांस अमंगळ वाटे. साबरमतीच्या आश्रमात त्यांच्या शब्दाचे वजन केवढे, हे सांगावयास नको. त्या आश्रमात पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य सहकुटुंब राहत. आश्रमाची प्रार्थना व भजने त्यांच्या कंठातून घुमत. १९३० च्या प्रारंभी आश्रमात देवीची साथ आली. तीन मुले दगावली. त्यांत पंडितजींचा मुलगा होता. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली, तेव्हा हा पिता गांधीजींबरोबर चालत होता.

गांधीजींनी आपले मत सोडले नाही. तथापि पालकांचे मन आपणच टोचणीपासून वळविले, हा आपल्या अज्ञानाचा व हट्टाचा तर परिणाम नव्हे ना, या शंकेने ते व्याकुळ झाले होते. मतापेक्षा ही व्याकुळता मला अधिक बोलकी वाटते. टोचल्यावर ताप आला तर तो आपल्या हातून आला असे आईबापांस वाटते. न टोचता देवी आल्या तर ते दैव ठरते. त्या साथीने गांधीजींना दैवाची ही सोय घेऊ दिली नाही.

आकडे पाहता, लस न टोचलेल्यांस देवीचा उग्र प्रकार झाल्यास शंभरांत सुमारे तीस दगावत. लसीने दहा लाखांत एखादा. १९७५ मध्ये भारतातील शेवटचे रुग्ण आढळले, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोगच उरला नाही, तेव्हा दहा लाखांतला तो एक धोकाही पत्करण्याचे कारण राहिले नाही आणि सर्वसाधारण बालकांस देवी काढणे थांबले. वाडीतल्या वृद्धांच्या दंडावर तो वण अद्याप दिसतो; नातवंडांच्या दंडावर नाही. सातमीला थंड अन्नाचे ताट मात्र दोघांपुढेही येते.