कारखाना, कार्यशाळा आणि नवापूरचा किनारा

‘वर्कशॉप’ हा शब्द आज आपणा सर्वांच्या तोंडी आहे. बोईसरच्या रस्त्यावर तो मोटारदुरुस्तीच्या पाटीवर दिसतो, आणि धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर धर्मशिक्षकांच्या एकदिवसीय मेळाव्यालाही आम्ही तेच नाव देतो. एकाच शब्दाची ही दोन टोके कशी जुळली, याचा थोडा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

इंग्रजीतील ‘शॉप’ म्हणजे मुळात दुकान नव्हे, तर आडोशाची पडवी अथवा टपरी. तेथे कारागीर वस्तू घडवी आणि तेथेच विकी. आपला ‘शाळा’ हा संस्कृत शब्दही मूळचा छपराखालच्या जागेचाच; गोशाळा, पाकशाळा, धर्मशाळा हे शब्द त्याची साक्ष देतात. ‘कारखाना’ मात्र फारसीतून आला : कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. शिवकाळातील अठरा कारखान्यांत तोफखाना, पीलखाना, जामदारखाना यांचा समावेश होता. म्हणजे कारखाना हे राज्यकारभाराचे एक खाते होते. त्याच काळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले, तरी लोकांनी कारखाना सोडला नाही. पुढे धुराडी आली, तेव्हा त्याच शब्दाने त्यांनाही सामावून घेतले.

विसाव्या शतकात अमेरिकेत नाट्यलेखनाच्या आणि शिक्षकांच्या अभ्यासवर्गांना ‘वर्कशॉप’ म्हणू लागले. केवळ ऐकायचे नाही, तर सर्वांनी मिळून काही करून पाहायचे, हा त्यामागील हेतू. मराठीने त्यासाठी ‘कार्यशाळा’ शब्द योजला. ख्रिस्तसभेला मात्र ही कल्पना नवी नव्हती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत सत्कृत्यांची ‘हत्यारे’ सांगितली आणि मठ हीच ती वापरण्याची कर्मशाळा, असे म्हटले. १८५३ साली संत जॉन बॉस्को यांनी तुरिन येथे अनाथ मुलांसाठी चांभारकाम व शिवणकाम यांच्या खऱ्याखुऱ्या कर्मशाळा उघडल्या. प्रार्थना आणि हत्यार त्यांनी एकाच छपराखाली आणले.

आता आपल्या परिसराकडे पाहू. नवापूरच्या किनाऱ्यावर जाळे सांधणारा मच्छीमार आणि होडीच्या फटी बुजविणारा कारागीर यांच्या कामावर कोणतीही पाटी नाही. तरीही ती कर्मशाळाच आहे. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, त्यानंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या. हे ऋण नाकारता येणार नाही. पण त्या वसाहतीचे रासायनिक सांडपाणी नवापूरच्याच समुद्रात सोडले जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, आणि २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणकर्त्यांवर दायित्व ठेवले. एका कारखान्याने दुसऱ्या, बिनपाटीच्या कारखान्याचे छप्पर काढून घ्यावे काय, असा हा प्रश्न आहे. आमच्या घरांतील मुले वसाहतीत नोकरीस असतात. म्हणून हा प्रश्न परक्यांचा नाही, तो आपल्याच जेवणाच्या पाटावरचा आहे.

संत मार्क प्रभू येशूला ‘सुतार’ म्हणतात. नाझरेथची ती पडवी लहान होती. तेथे घडलेले जू शेजाऱ्याच्या बैलाच्या मानेवर जाई, आणि ते टोचले तर शेजारी दारात येई. कामगार आणि ज्याच्यासाठी काम, यांत इतके थोडे अंतर होते. हे अंतर वाढले की जबाबदारी विसरणे सोपे जाते.

१९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांना वाहिला. त्या दिवशी आपण हत्यारांना आशीर्वाद देतो. यापुढे त्या वेदीपाशी पाना आणि हातोडा यांच्याबरोबर नवापूरचे एक जाळेही ठेवावे, आणि आमच्या पुढच्या ‘कार्यशाळे’त भाषणे थोडी कमी करून वसाहतीतील कामगार व किनाऱ्यावरील मच्छीमार यांना एका बाकावर बसवावे, असे आम्हास वाटते. शब्दाचा मूळ अर्थ त्यामुळे निदान आमच्यापुरता तरी परत येईल.