श्रूजबरीच्या डोंगरातली लोकर : मेरिनो ते अल्पाका

अमेरिकेत श्रूजबरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. येथे विचारात घेतलेले श्रूजबरी हे व्हर्माँट राज्याच्या रटलंड परगण्यातले, ग्रीन माउंटन्स या डोंगररांगेत वसलेले, सुमारे अकराशे वस्तीचे गाव होय. न्यू हॅम्पशरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याने १७६१ साली दिलेल्या सनदेने या गावाची हद्द आखली गेली. गावाच्या माथ्यावर ३,७२० फूट उंचीचे श्रूजबरी शिखर आहे आणि पायथ्याच्या कटिंग्जव्हिल या वस्तीतून मिल नदी वाहत जाऊन पुढे ऑटर क्रीक या मोठ्या प्रवाहाला मिळते. आज हा डोंगर मेपल, बीच आणि स्प्रूसच्या रानाने झाकलेला असला, तरी या भागातल्या रानांत शिरल्यावर जागोजागी चुना-मातीवाचून रचलेले दगडी गडगे आढळतात, ज्यांच्या दोन्ही अंगांना आता झाडेच आहेत. ज्या काळात हे डोंगर उघडेबोडके होते आणि त्यांवर मेंढ्यांचे कळप चरत होते, त्या काळाच्या या खुणा आहेत. या प्रदेशातल्या लोकरीच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते : दोन वेगवेगळ्या शतकांत येथला पैसा लोकरीऐवजी लोकर देणाऱ्या जनावराच्या वंशावळीमागे धावला, आणि दोन्ही वेळा भाव कोसळल्यानंतर जे काही मोलाचे उरले ते सूत करण्याच्या कामातच उरले.

वसाहतीच्या सुरुवातीपासून येथे मेंढ्या होत्या, परंतु त्यांची लोकर राठ आणि घरच्या वापरापुरती असे. चित्र पालटले ते नेपोलियनच्या स्पेनवरील स्वारीमुळे. मेरिनो ही तलम लोकरीची मेंढी स्पेनने शतकानुशतके सहसा देशाबाहेर जाऊ दिली नव्हती. युद्धाच्या धामधुमीत सरदारांचे कळप जप्त होऊन विक्रीस निघाले, तेव्हा लिस्बन येथील अमेरिकेचा वाणिज्यदूत विल्यम जार्विस याने त्यांतल्या मेंढ्या मोठ्या संख्येने विकत घेऊन मायदेशी धाडल्या, आणि १८११ मध्ये सुमारे ४०० मेरिनो घेऊन तो कनेटिकट नदीकाठच्या वेदर्सफील्ड येथे, म्हणजे श्रूजबरीच्या शेजारच्याच परगण्यात, शेती करू लागला. पुढे १८२४ आणि १८२८ च्या जकात कायद्यांनी परदेशी लोकरीवर जबर कर बसवल्यावर डोंगरातल्या शेतकऱ्यांनी रान तोडून कुरणे केली. १८४० च्या जनगणनेत व्हर्माँटमध्ये माणसे सुमारे २ लाख ९२ हजार आणि मेंढ्या सुमारे १६ लाख ८० हजार होत्या, म्हणजे माणशी जवळजवळ सहा मेंढ्या पडत होत्या.

इतक्या लोकरीचे सूत करायचे कसे, हा प्रश्न मात्र मेरिनोच्या आधीपासूनच सुटू लागला होता. घरोघर स्त्रिया लोकर कातत, पण कातण्याआधी ती पिंजून तिचे पेळू करावे लागत आणि हे काम सर्वांत वेळखाऊ होते : तारेचे बारीक दात बसवलेल्या दोन फळ्यांमध्ये लोकर ओढून तंतू सुटे करायचे आणि मग त्यांचा सैल गुंडाळा वळायचा. इंग्लंडने यंत्रे आणि कारागीर या दोहोंच्या निर्यातीवर बंदी घातलेली असतानाही यॉर्कशरमधले जॉन आणि आर्थर स्कोफील्ड हे भाऊ १७९३ मध्ये अमेरिकेत पोहोचले व त्यांनी तेथे पिंजणयंत्रे उभी केली. आर्थरने १८०१ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड येथे लोकर पिंजून देण्याचा धंदा चालवला आणि काही वर्षांत तो अशी यंत्रे इतरांना विकू लागला. न्यू इंग्लंडच्या ओढ्यांवर, जेथे पाणचक्की बसवता येईल तेथे, पिंजणगिरण्या उभ्या राहिल्या. शेतकरी आपली लोकर आणून देई, वजनावर मजुरी भरी आणि आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचे पेळू घेऊन घरी परते. पिठाच्या गिरणीत आपले दळण आपल्याला परत मिळावे तसा हा व्यवहार होता, आणि आजच्या लहान अल्पाका गिरण्यांचा बराचसा व्यवहार याच प्रकारचा आहे. या काळातली सर्वांत दूरगामी सुधारणा १८२६ ची आहे. तोवर यंत्रातून निघणारे पेळू यंत्राच्या रुंदीएवढेच लांब असत आणि ते टोकाला टोक जोडत बसण्याचे काम लहान मुलांना करावे लागे. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन गोल्डिंगने पेटंट घेतलेल्या जोडणीमुळे पिंजणयंत्रातून अखंड पेळू निघू लागले आणि मुलांचे ते काम संपले. आजही वूलन पद्धतीचे, म्हणजे तंतू समांतर न करता कातलेले, सूत याच तत्त्वावर निघते.

उतरण लवकर लागली. १८४६ च्या कायद्याने जकात घटवली. ईरी कालव्याने आणि नंतर लोहमार्गांनी ओहायो व त्याच्या पलीकडची स्वस्त कुरणे बाजाराला जोडली. १८४९ मध्ये कटिंग्जव्हिलवरून जाणारा रटलंडचा लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा डोंगरातली लोकर बॉस्टनला नेणे सोपे झाले खरे, पण पश्चिमेकडच्या लोकरीशी भावात टक्कर देणे त्याने सोपे झाले नाही. १८५० मध्ये राज्यातल्या मेंढ्या दहा लाखांवर आल्या आणि १८७० पर्यंत सहा लाखांच्या खाली गेल्या. लोकरीत पैसा नाही असे दिसताच मोठे कळपवाले पैदाशीच्या नरांकडे वळले. नामांकित मेंढ्यांना हजारो डॉलर मिळू लागले, १८७० च्या दशकात वंशावळींची नोंदपुस्तके छापली गेली आणि व्हर्माँटच्या मेरिनो ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या. कातडीचे क्षेत्रफळ वाढून लोकर जास्त यावी म्हणून त्यांच्या अंगावर वळ्याच वळ्या पडतील अशी निवड केली गेली. परिणामी कात्रणाचे वजन वाढले, पण त्यातला मोठा भाग मेंढीच्या घामाचा आणि चरबीचा होता, वळ्यांमुळे कातरणे अवघड झाले आणि ऑस्ट्रेलियात त्याच वळ्यांमध्ये माशांच्या अळ्या पडू लागल्या. सुताच्या दृष्टीने ही निवड चुकीची होती. ती करणाऱ्यांचे लक्ष धाग्यावर नव्हते, प्रदर्शनातल्या बक्षिसावर होते. पुढे कुरणांवर गाई आल्या, आणि जेथे त्याही परवडल्या नाहीत तेथे रान परत आले.

अल्पाकाचा इतिहास तोवर दुसऱ्या खंडात घडत होता. उंटाच्या कुळातला हा प्राणी अँडीज पर्वतात हजारो वर्षे पाळला जात आहे. त्याच्या लोकरीला यंत्रयुगात बाजार मिळवून दिला तो ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टने; १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून राहिलेले गठ्ठे त्याने विकत घेतले, सुती ताणा आणि अल्पाकाचा बाणा अशी चकचकीत, हलकी कापडे विणली आणि १८५३ मध्ये सॉल्टेअर येथे आपली अवाढव्य गिरणी सुरू केली. महाराष्ट्रात एके काळी वकील-मास्तरांच्या अंगावर दिसणारा काळा अल्पाकाचा कोट हा याच विलायती कापडाच्या परंपरेतला. ज्या जनावराचे नाव तो मिरवत होता ते जनावर तो घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चित्रातही पाहिलेले नसावे.

अमेरिकेत अल्पाकांची व्यापारी आयात १९८४ च्या सुमारास सुरू झाली. १९८८ मध्ये वंशनोंदणी आली आणि दहा वर्षांनी परदेशातून आणलेल्या जनावरांसाठी ती बंद करण्यात आली, त्यामुळे आधीच देशात असलेल्या अल्पाकांचे भाव आणखी चढले. माद्या दहा-वीस हजार डॉलरला विकल्या जात, तर निवडक नरांचे लिलाव लाखांच्या घरात पोहोचत. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सेटोन आणि सेक्स्टन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की लोकरीच्या उत्पन्नातून हे भाव कधीच भरून निघणारे नव्हते. एक पाळणारा दुसऱ्या पाळणाऱ्याला जनावर विकत होता, इतकाच त्या बाजाराचा आधार होता. पुढच्याच वर्षीच्या मंदीत तो आधार निघाला. मेरिनोच्या अनुभवाला तेव्हा सव्वाशे वर्षे उलटली होती आणि तो याच डोंगरांत घडला होता, तरी त्याची आठवण फारशा कोणाला राहिलेली दिसत नाही, ही या इतिहासातली खेदाची बाब आहे. कळप असलेल्यांपुढे आता खरा प्रश्न होता तो दरवर्षी कोठारात साचणाऱ्या लोकरीचा.

त्याचे उत्तर लहान गिरण्यांनी दिले. श्रूजबरीच्या आग्नेयेला, पुटनी येथे, १९८१ पासून ग्रीन माउंटन स्पिनरी ही गिरणी चालते. कामगारांच्याच मालकीची ही सहकारी संस्था जुन्या, दुरुस्त करून चालवलेल्या यंत्रांवर वूलन पद्धतीचे सूत काढते, खनिज तेलाऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरते आणि मेंढीची लोकर व अल्पाका यांचे मिश्र सूतही करते. खुद्द रटलंड परगण्यात ब्रँडन येथे अल्पाकांच्या शेताला जोडून लहान गिरणी उभी राहिली. या दुसऱ्या प्रकारच्या गिरण्यांची यंत्रे बहुधा कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर विकसित झालेल्या छोट्या संचासारखी असतात. मुंबईच्या गिरणगावात ज्याला एकेक खाते म्हणत आणि ज्याला मजलाच्या मजला लागे, ते ब्लोरूम, कार्डिंग, रिंग आणि वाइंडिंग येथे एका लांबट खोलीत एकामागोमाग मांडलेले असते.

अल्पाका वर्षातून एकदा, वसंताच्या अखेरीस, कातरला जातो. पाठ आणि बरगड्यांवरची लोकर सर्वांत तलम असते. मान, पाय आणि पोट यांवरची राठ असते म्हणून वेगळी ठेवतात. जाळीच्या टेबलावर कात्रण पसरून काडीकचरा, शेण आणि आखूड तुकडे हाताने काढून टाकणे ही पहिली निवड शेतकऱ्याने करायची असते. पुढल्या साऱ्या सुताचा दर्जा येथेच निम्मा ठरतो, कारण गिरणीची मजुरी बहुधा आलेल्या वजनावर आकारली जाते आणि नको ती लोकर पाठवली तर तिचेही पैसे मोजावे लागतात. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. अल्पाकाचा तंतू साधारण १८ ते ३० मायक्रॉनचा असतो. अल्पाका धुळीत लोळतो, म्हणून कात्रण प्रथम जाळीच्या फिरत्या पिंपात घोळून धूळ झाडतात, आणि मग गरम पाण्यात साबणासह भिजवतात. मेंढीच्या लोकरीत असते तशी चरबी अल्पाकात फार थोडी असते, त्यामुळे धुण्यात वजन कमी घटते. मात्र पाण्यात लोकर ढवळायची नाही, कारण ढवळल्यास तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो.

वाळलेल्या अल्पाकाचा खरा त्रास यंत्रावर सुरू होतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या आधाराने तंतू एकमेकांना धरतात. अल्पाकाचे खवले फार चपटे असल्याने स्पर्श रेशमी लागतो, पण तंतू निसटतात, आणि कोरड्या हवेत विजेने भारले जाऊन दातांऐवजी भलत्याच भागांना चिकटतात. म्हणून त्यावर पाणी आणि तेलाचा हलका फवारा मारून ठेवतात व खोलीतली हवा दमट राखतात. त्यानंतर पिकर हे यंत्र गुंते सोडवते आणि केस वेगळे करणारे यंत्र आपल्या रुळांमधून जाड, राठ केस खाली पाडते. हे केस राहिले तर सूत कितीही चांगले कातले तरी गळ्याला टोचते. त्यामुळे हा टप्पा वेळ खात असला तरी चांगल्या गिरणीत तो टाळला जात नाही.

कार्डिंगमध्ये तारेच्या दातांनी मढवलेले मोठे पिंप आणि त्याभोवतीचे लहान रूळ वेगवेगळ्या गतीने फिरून तंतूंची पातळ, पारदर्शक जाळी करतात, जी एकत्र होऊन दोरासारख्या जाड पेळूच्या रूपात बाहेर पडते. ड्रॉ फ्रेमवर असे अनेक पेळू एकत्र धरून खेचतात, त्यामुळे एकातला जाड भाग दुसऱ्यातल्या बारीक भागाने भरून निघतो आणि तंतू समांतर होतात. तंतू समांतर करून कातलेले सूत वर्स्टेडच्या जवळ जाणारे, गुळगुळीत व झळाळीचे असते. पुटनीसारख्या वूलन पद्धतीत हा टप्पा नसल्याने तंतू आडवेतिडवे राहतात आणि सूत हलके, हवा धरणारे होते. रिंग फ्रेमवर पेळू खेचून पीळ दिला जातो, मग दोन किंवा तीन एकेरी धागे उलट्या दिशेने पिळून एकत्र करतात, जेणेकरून दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. वाफ देऊन पीळ बसवला की सूत लड्यांवर घेतात. अल्पाकात नैसर्गिक कुरळेपणा कमी असल्याने निव्वळ अल्पाकाचा स्वेटर कालांतराने ओघळतो. त्यासाठी बरेच जण त्यात मेंढीची लोकर मिसळून घेतात.

हे सर्व मोठ्या गिरणीत स्वस्तात होऊ शकते, पण तेथे एका कळपाची चाळीस-पन्नास किलो लोकर स्वतंत्रपणे चालवता येत नाही, ती इतरांच्या लोकरीत मिसळावी लागते आणि शेतकऱ्याला आपल्या जनावराचा रंगही परत मिळत नाही. लहान गिरणी मजुरीत महाग असूनही टिकते ती यामुळे : अल्पाका पांढऱ्यापासून तपकिरी, राखाडी आणि काळ्या रंगापर्यंत अनेक नैसर्गिक छटांत मिळतो, आणि न रंगवलेले, एकाच कळपाचे सूत विणणारे लोक त्यासाठी जास्त दाम देतात. महाराष्ट्रात याच्या अगदी जवळचे उदाहरण धनगरांच्या दख्खनी मेंढीचे आहे. तिची काळी, राठ लोकर पिंजून, चातीवर कातून, चिंचोक्याची खळ लावून सणगर विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणल्या. आज त्या लोकरीला कातरणीचा खर्चही निघेल असा भाव अनेक ठिकाणी मिळत नाही. दख्खनी लोकर गळ्याशी घालण्याजोगी नाही हे खरे, परंतु राठ लोकरीलाही तिचे स्वतःचे सूत असते, आणि अल्पाका गिरण्यांनी ते सिद्ध केले आहे. मान आणि पाय यांवरची जी लोकर स्वेटरसाठी चालत नाही, तिचा जाड पेळू सुती दोऱ्याच्या गाभ्याभोवती गुंडाळून सतरंजीचे सूत केले जाते. या सुताला पीळ थोडाच लागतो, त्यात आखूड तंतूही खपतात, आणि कात्रणाचा जो भाग एरवी खतात गेला असता तो त्यामुळे मागावर जातो.